सायलेन्सरवर मान्यतेची खूण आहे, तरी गाडी बेकायदेशीर कशी ठरते?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा समजला. मोटारसायकलचा मूळ सायलेन्सर काढून आपण बाजारात मिळणारा दुसरा बसवला. त्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि त्याला लागून एक आकडा कोरलेला आहे, आणि ही खूण म्हणजे जगभर चालणारी मान्यता, असे विक्रेत्याने सांगितले. तरीही तपासणीत पोलिसांनी गाडी अडवून दंड केला, आणि आजूबाजूचे लोक तर आधीपासूनच नाराज होते. मोबाइलमधले ॲप गाडीजवळ ९१ डेसिबल दाखवते, चौकटीवरच्या पट्टीवर ९४ लिहिलेले आहे, आणि कायद्यातली मर्यादा कुठे ७७ तर कुठे ८० अशी वाचायला मिळते. यांतला कोणता आकडा धरायचा, दंड योग्य होता का, आणि मोठा आवाज असला की रस्त्यावर चालक सुरक्षित राहतो यात तथ्य किती, असे आपण विचारले आहे.

वाहनांच्या आवाजाची मोजणी हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे हा गोंधळ मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्याचे कारण असे की यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. गाडीवर बसवलेला सायलेन्सर त्या मॉडेलसाठी मान्य आहे का, हा पहिला. मान्यता देताना तो जसा होता तसाच आज आहे का, हा दुसरा. आणि ती गाडी आपण ज्या वेळी, ज्या जागी, ज्या पद्धतीने चालवता त्यामुळे इतरांना उपद्रव होतो का, हा तिसरा. पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असले तरी तिसऱ्यासाठी दंड होऊ शकतो, आणि पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर गाडी कितीही हळू आवाजात चालली तरी ती नियमबाह्यच राहते. आपण कोणत्या देशात गाडी चालवता हे लिहिलेले नाही. बरेचसे उत्तर त्यावरच अवलंबून असल्यामुळे जिथे नियम बदलतो तिथे मी तसे स्पष्ट सांगेन.

आधी आकड्यांचा गुंता सोडवू, कारण बहुतेक वाद तिथेच सुरू होतो. पट्टीवरचे ९४ आणि कायद्यातले ७७ किंवा ८० हे एकाच गोष्टीचे मोजमाप नाही. ९४ हा उभ्या गाडीचा आकडा आहे. गाडी स्टँडवर किंवा न्यूट्रलमध्ये असते, मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, झोताच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करून ठेवलेला असतो, आणि इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर स्थिर करून थ्रॉटल एकदम सोडला जातो. कमाल शक्ती ज्या फेऱ्यांवर मिळते ती संख्या मिनिटाला ५,०००पेक्षा जास्त असेल तर चाचणी तिच्या निम्म्यावर होते, त्याहून कमी असेल तर पाऊणपट फेऱ्यांवर. म्हणूनच पट्टीवर डेसिबलच्या शेजारी फेऱ्यांचा आकडाही छापलेला असतो, आणि तो सोडून नुसते डेसिबल सांगण्याला काही अर्थ राहत नाही.

कायद्यातली मर्यादा मात्र धावत्या गाडीची असते. त्या चाचणीत गाडी मोकळ्या धावपट्टीवर मायक्रोफोनसमोरून जाते, मायक्रोफोन गाडीच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर असतो आणि ठरलेल्या २० मीटरच्या पट्ट्यात थ्रॉटल पूर्ण उघडला जातो. मोटारसायकलच्या आवाजासाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावली क्रमांक ४१च्या चौथ्या सुधारणा मालिकेनुसार वजनाच्या मानाने शक्तिशाली असलेल्या गाड्यांसाठी मर्यादा ७७ डेसिबल आहे, मध्यम गटासाठी ७४ आणि सर्वांत कमी शक्तीच्या गटासाठी ७३. त्यातही ७७ हा आकडा निव्वळ पूर्ण थ्रॉटलचा नसून वेग वाढवतानाचे आणि स्थिर वेगाचे मापन यांचे भारित मिश्रण असतो. अमेरिकेत १९८६पासूनच्या गाड्यांना ८० डेसिबलची मर्यादा आहे, पण तिथे मायक्रोफोन १५ मीटरवर ठेवतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ७.५ मीटरवरचे ८० आणि १५ मीटरवरचे ८० यांत केवळ अंतरामुळेच मोठी तफावत पडते, आणि चाचणीच्या इतर पद्धतीही वेगळ्या असल्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘कोणाचा कायदा कडक’ अशी तुलना करताच येत नाही.

हाच अंतराचा हिशेब पट्टीवरच्या ९४ला लावून पाहा. अर्ध्या मीटरवरून साडेसात मीटरवर जाणे म्हणजे अंतर पंधरापट होणे, आणि त्याने सुमारे साडेतेवीस डेसिबल कमी होतात. ९४चे तिथे सत्तर-एकाहत्तर राहतात. त्यामुळे पट्टीवरचा आकडा मर्यादेपेक्षा मोठा दिसला म्हणून कंपनीने फसवले असे होत नाही. उलटही खरे आहे: उभ्या गाडीच्या इंजिनावर भार जवळजवळ नसतो, त्यामुळे चढावर पूर्ण थ्रॉटल दिल्यावर ती किती गरजेल हे उभ्या चाचणीवरून कळत नाही. ही चाचणी मुळात एवढ्यासाठीच आहे की रस्त्यावरच्या तपासनिसाला तीच गाडी तिच्याच मूळ नोंदीशी ताडून पाहता यावी. दोन वेगवेगळ्या मॉडेलांत कोणती जास्त आवाज करते, हे ठरवण्यासाठी ती बनवलेलीच नाही.

ॲपवरच्या ९१विषयी थोडक्यात. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो आणि मोठा आवाज आला की तो आपोआप दाबून घेतो. शिवाय अर्ध्या मीटरऐवजी चाळीस सेंटिमीटरवरून मोजले तर तेवढ्यानेच जवळपास दोन डेसिबलचा फरक पडतो, आणि शेजारी भिंत असेल तर तिच्यावरून परतलेला आवाजही त्यात मिसळतो. सायलेन्सर बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर, त्याच जागी, त्याच फेऱ्यांवर, फोन तसाच धरून दोन मापने घेतली तर त्यांतल्या फरकाला थोडाफार अर्थ आहे. एकट्या ९१ला नाही.

आता त्या खुणेकडे वळतो. वर्तुळातले ‘ई’ हे १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेले चिन्ह आहे आणि त्यापुढचा आकडा मान्यता कोणत्या देशाने दिली ते सांगतो. १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे फ्रान्स, ४ म्हणजे नेदरलँड्स. या कराराचे सदस्य देश एकमेकांच्या मान्यता स्वीकारतात, ही विक्रेत्याच्या दाव्यातली खरी बाजू. पण अमेरिका या कराराची सदस्य नाही आणि भारतही नाही. भारताने १९९८ चा दुसरा करार स्वीकारला आहे, ज्यात परस्पर मान्यतेची अट नाही. त्यामुळे ‘जगभर चालते’ हे विधान जगाच्या बऱ्याच मोठ्या भागात मुळातच चुकीचे ठरते. अमेरिकेत सायलेन्सरवर त्यांच्या पर्यावरण संस्थेच्या नियमानुसारचा वेगळा शिक्का लागतो आणि कॅलिफोर्नियाने २०१३पासून बनलेल्या गाड्यांसाठी त्याची सक्ती राज्याच्या कायद्यातही आणली आहे. ब्रिटनमध्ये सायलेन्सरवर तिथल्या मानकाची किंवा वर सांगितलेली मान्यतेची खूण असावी लागते, आणि ‘रस्त्यावर वापरण्यासाठी नाही’ असे कोरलेला सायलेन्सर रस्त्यावर आणला की बचावाला काही उरत नाही.

करार लागू असलेल्या देशातही ही खूण सरसकट चालत नाही. बदली सायलेन्सरला मान्यता मिळते ती नियमावली क्रमांक ९२ खाली, आणि ती ठरावीक मॉडेलांसाठीच असते. तोच डबा, तीच खूण, पण आपले मॉडेल मान्यतेच्या यादीत नसेल तर ती मान्यता आपल्यासाठी नाही. माझा अनुभव असा की नळीचा व्यास जुळतो म्हणून किंवा जोडणीचा तुकडा बदलून दुसऱ्याच गाडीचा सायलेन्सर बसवलेला असतो आणि मालक प्रामाणिकपणे खुणेकडे बोट दाखवतो. सायलेन्सरसोबत आलेले मान्यतापत्र काढून त्यात आपल्या गाडीचे नेमके मॉडेल आहे का ते आधी पाहा. सोबत कागदच आला नसेल, तर मला त्यावरूनच शंका येईल.

दुसरा प्रश्न ‘डीबी-किलर’चा, आणि आपल्या दंडाचे मूळ बहुधा इथेच असावे असा माझा अंदाज आहे. सायलेन्सरच्या तोंडात एक आखूड, अरुंद नळी बसवलेली असते आणि ती एका स्क्रूने किंवा स्प्रिंगच्या कडीने अडकवलेली असते. मान्यता त्या नळीसह मिळालेली असते, पण ती पाच मिनिटांत निघते, आणि अनेक जण गाडी घरी आणल्या दिवशीच ती काढतात. तपासणाऱ्याला हे ओळखायला यंत्र लागत नाही. तोंडातून विजेरीचा झोत टाकला की आत अडथळा न दिसता लांबवर जाळीदार नळी दिसते, स्क्रूच्या भोकाच्या कडेला काजळीचे वर्तुळ असते, किंवा काजळीने माखलेल्या पृष्ठभागावर एकच स्क्रू चकचकीत असतो. ती नळी काढलेल्या क्षणी वरची खूण निव्वळ नक्षी उरते. काही देशांत ही नळी सहज काढता येणार नाही अशी बसवलेली असणे हीच अट आहे, त्यामुळे रिव्हेट तोडून तिथे स्क्रू लावलेला दिसला तरी तो फेरफारच समजला जातो.

याहून दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे आतली काचेची लोकर. सायलेन्सर दोन प्रकारे आवाज कमी करतो. एका प्रकारात वायूला लहानमोठ्या कप्प्यांतून वळणे घेत जावे लागते आणि परतणाऱ्या लहरी येणाऱ्या लहरींना खोडून काढतात. बहुतेक मूळ सायलेन्सर मुख्यतः या जातीचे असतात आणि म्हणून जड असतात. दुसऱ्या प्रकारात एक सरळ जाळीदार नळी असते आणि तिच्याभोवती काचेची लोकर ठासलेली असते, जी ध्वनीची ऊर्जा शोषून तिची उष्णता करते. बाजारातले हलके, ‘फ्री-फ्लो’ म्हणून विकले जाणारे सायलेन्सर याच जातीचे. ही लोकर उष्णतेने आणि स्पंदनांनी हळूहळू कुरतडली जाते, तिचे तंतू धुरासोबत बाहेर पडतात आणि काही हंगामांनंतर जाळीभोवती निव्वळ पोकळी उरते. आवाज दिवसेंदिवस इतका सावकाश वाढतो की चालकाला तो जाणवतही नाही. उघडून पाहिलेल्या सायलेन्सरमध्ये मला अनेकदा तळाशी साचलेली करपट, राखेसारखी पूड आणि नळीच्या वरच्या बाजूला उघडी पडलेली जाळी दिसली आहे. मालकाने कशालाही हात लावलेला नसतो, तरी गाडी मान्यतेच्या स्थितीत राहिलेली नसते. जबाबदारी मात्र त्याचीच असते.

इथवरचा सारांश एवढाच की ‘किती डेसिबल कायदेशीर’ हा प्रश्न रस्त्यावर क्वचितच विचारला जातो. तिथे बहुधा विचारतात, ‘सायलेन्सर कोणता आहे आणि तो मूळ अवस्थेत आहे का?’

याला व्यावहारिक कारण आहे. नियमानुसार उभ्या गाडीची चाचणी घ्यायची तर प्रमाणित केलेले मापनयंत्र लागते, आसपास तीन मीटरांत मोठी परावर्तक वस्तू चालत नाही आणि परिसराचा आवाज गाडीच्या आवाजापेक्षा किमान १० डेसिबलने कमी असावा लागतो. वर्दळीच्या चौकात, पुलाखाली किंवा संरक्षक भिंतीलगत या अटी पाळणे अवघड असते. म्हणून कायदे करणाऱ्यांनी अनेक ठिकाणी मोजणीची गरजच न पडणारी भाषा वापरली आहे. भारतातले उदाहरण घेतले तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२०वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे असे सांगतो, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मनाई करते, आणि कलम १९०(२) ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडणाऱ्या चालकाला लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या शेवटच्या कलमाखाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय तीन महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्रता. शिक्षेचे हे वजन पाहता ‘फक्त आवाजच तर आहे’ असे म्हणून विषय झटकण्यात शहाणपणा नाही.

यंत्राविना कारवाई करण्याच्या या पद्धतीवर माझा आक्षेपही आहे. तिच्यात अधिकाऱ्याच्या कानावर आणि मर्जीवर फार काही सोपवले जाते, आणि भारदस्त दिसणाऱ्या पण पूर्णपणे मूळ अवस्थेतल्या गाडीवाल्यालाही उगाच त्रास होतो. अमेरिकेत मोटारसायकलच्या उद्योगाच्या पुढाकाराने २००९ मध्ये उभ्या गाडीच्या चाचणीचे एक सोपे मानक तयार झाले. त्यात इंजिन मंद चालू असताना ९२ डेसिबल आणि सिलिंडरांच्या संख्येनुसार ठरलेल्या फेऱ्यांवर ९६ किंवा १०० डेसिबल अशा मर्यादा आहेत. तिथल्या मोटारसायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने या मानकाचा पुरस्कार केला, कारण पोलिसांनी कानाने न्याय करण्यापेक्षा मोजून करावा, ही स्वारांच्याही हिताची गोष्ट होती. फ्रान्समध्ये २०१९ च्या एका कायद्याने आवाज मोजणाऱ्या रडारच्या प्रयोगाला परवानगी दिली. त्यातल्या एका यंत्रात चार मायक्रोफोन असतात आणि आवाज नेमका कोणत्या दिशेने आला ते शोधून छायाचित्राशी जोडले जाते. एकाच वेळी चार वाहने जात असतील तर कोणते बोलले हे सिद्ध करणे, ही या तंत्राची खरी कसोटी आहे.

उत्पादकही यात निर्दोष नव्हते, हे सांगायला हवे. जुन्या चाचणीत गाडी एका ठरावीक वेगाने आणि ठरावीक गिअरमध्ये तपासली जाई. त्यामुळे काही गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये विजेवर चालणारी झडप बसवली गेली, जी चाचणीच्या फेऱ्यांवर बंद असे आणि त्यापलीकडे उघडत असे. कागदोपत्री सगळे चोख, आणि रस्त्यावर मात्र भलताच आवाज. नियमावली ४१च्या चौथ्या मालिकेने शक्तिशाली गाड्यांसाठी ताशी २० ते ८० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या इतर स्थितींमध्येही आवाज मर्यादेत असावा अशी जादा तरतूद केली ती याच पळवाटेसाठी. पूर्ण कायदेशीर गाडीसुद्धा कर्कश असू शकते असे लोक म्हणतात, ती तक्रार निराधार नाही.

याच भावनेतून ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने जून २०२०मध्ये काही डोंगरी रस्त्यांवर एक वेगळाच निर्बंध आणला: नोंदणीपत्रात उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलपेक्षा जास्त नोंदलेला असेल, तर ती मोटारसायकल हंगामात त्या रस्त्यांवर आणायची नाही, मग ती मूळ अवस्थेत आणि मान्यताप्राप्त का असेना. स्वारांनी याविरुद्ध मोठी ओरड केली. तंत्रज्ञ म्हणून त्यांचा एक मुद्दा मला पटतो, कारण दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी नसलेला आकडा इथे तुलनेसाठीच वापरला गेला. पण उन्हाळ्यातल्या प्रत्येक सुट्टीच्या दिवशी दरीतून शेकडो गाड्यांचे पडसाद ऐकणाऱ्या गावाच्या जागी मी असतो, तर मापनशास्त्रातल्या या बारकाव्याचे मला फारसे अप्रूप वाटले नसते.

शेजारचे लोक इतके का चिडतात, यालाही ठोस कारणे आहेत. डेसिबल हे साधे मोजमाप नव्हे. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि साधारण १० वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. ८० डेसिबलची गाडी ९५वर गेली, तर ऊर्जेच्या हिशेबाने एकच गाडी तीसहून अधिक मूळ गाड्यांच्या बरोबरीची झाली. एक हिशेब आणखी पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या युरोपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्त्यावरच्या वाहतुकीचा रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. रात्रीचे आठ तास एरवी संपूर्ण शांत आहेत असे धरा आणि त्यात एकच गाडी घरासमोरून फक्त पाच सेकंद ८५ डेसिबलने गेली असे माना. तेवढ्यानेच त्या आठ तासांची सरासरी ४७च्या पुढे जाते. रोज रात्री असे घडत असेल, तर एका माणसाने त्या घराचा सगळा वाटा खाऊन टाकला.

त्यात एकसिलिंडरी किंवा मोठ्या दोन सिलिंडरी इंजिनाचा आवाज खर्जातला असतो. चार-स्ट्रोक एकसिलिंडरी इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला पंचवीस ठोके. हा खर्ज भिंती आणि बंद खिडक्या सहज ओलांडतो. आणि गंमत अशी की कायद्याला अपेक्षित असलेले मापन मानवी कानाच्या संवेदनेनुसार भारित केलेले असल्यामुळे ५० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज त्यात तब्बल ३० डेसिबलने कमी धरला जातो. म्हणून यंत्र ‘ठीक आहे’ म्हणते आणि घरातल्या तावदानाला मात्र कंप सुटतो. शिवाय माणूस आवाजामागचा हेतूही ऐकत असतो. तेवढ्याच डेसिबलच्या ट्रकविषयी लोक कुरकुरतात, पण मोटारसायकलवर संतापतात, कारण ट्रकचा आवाज कामाचा असतो आणि हा मुद्दाम विकत घेतलेला असतो.

स्वारांची बाजूही मी रोज ऐकतो आणि ती सगळीच पोरकट नाही. इंजिनाचा आवाज हा गाडीच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग आहे. हार्ले-डेव्हिडसनने १९९४मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यासाठी अर्ज केला होता आणि अनेक वर्षांच्या वादानंतर २०००मध्ये तो मागे घेतला. आवाजावरून फेऱ्या ओळखणे, गिअर कधी बदलायचा ते ठरवणे, एखादा भाग बिघडू लागला की आधी कानाला कळणे, हे सगळे खरे आहे. पण यातल्या कशासाठीही मान्य पातळीपेक्षा मोठा आवाज लागत नाही. तसेच सायलेन्सर मोकळा केला की शक्ती वाढते, कारण ‘बॅक प्रेशर’, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब, जातो, हेही अर्धसत्य आहे. इंजिनाला दाबलहरींचे योग्य वेळापत्रक हवे असते, आणि ते नळ्यांच्या लांबी-व्यासावर ठरते. इंधनपुरवठ्याचे गणित न बदलता नुसता डबा बदलल्यास वरच्या फेऱ्यांवर किंचित मिळते आणि मधल्या फेऱ्यांवर, जिथे आपण बहुतेक वेळ गाडी चालवतो, तिथे अनेकदा तेवढेच जाते.

आता सुरक्षिततेचा मुद्दा, कारण तो सर्वांत जास्त पुढे केला जातो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने १९८१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अपघात-अभ्यासाचा आधार दोन्ही बाजू घेतात. त्यातून दिसले ते असे की इतर वाहनांशी झालेल्या टकरींत समोरच्या चालकाला मोटारसायकल वेळेत न दिसणे हे प्रमुख कारण होते, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका स्वाराच्या समोरच्या, दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या पट्ट्यात होता. सायलेन्सरचे तोंड मागे असते. म्हणजे समोरून वळण घेणाऱ्या मोटारचालकाला आवाज सर्वांत कमी, आणि आपण ज्यांना ओलांडून आलो त्यांना सर्वांत जास्त मिळतो. त्यात काचा बंद, गाणी चालू, आणि खर्जातल्या आवाजाची दिशा बंद मोटारीत ओळखणे अवघड. संथ कोंडीत दोन रांगांमधून जाताना शेजारच्या चालकाला आवाजाने चाहूल लागते, एवढे मी मान्य करतो. तेवढ्यासाठी मूळ सायलेन्सरही बहुधा पुरतो. याउलट ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. त्यात मोकळ्या सायलेन्सरची भर पडली की स्वार लवकर थकतो आणि मागून येणारा भोंगा त्यालाच ऐकू येत नाही.

आपल्या बाबतीत मी काय करेन ते सांगतो. दंडाच्या पावतीवर कोणते कलम लिहिले आहे ते आधी पाहा. ते फेरफाराचे असेल तर डेसिबलवर वाद घालून उपयोग नाही, तिथे मान्यतापत्र आणि त्यातले मॉडेल एवढेच कामाचे. ते आवाजाच्या मर्यादेचे असेल, तर मोजणी झाली होती का, किती फेऱ्यांवर आणि किती अंतरावरून, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. उपद्रवाचे कलम असेल तर सायलेन्सरचा कागद कितीही पक्का असला तरी पुरणार नाही. डीबी-किलर काढला असेल तर तो परत बसवा, आणि तो हरवला असेल तर त्याच उत्पादकाचा, त्याच सायलेन्सरसाठीचा मागवा. दुसऱ्या मापाची नळी कापून बसवली तर तो नवा फेरफार होतो. जोडणीच्या ठिकाणी काजळीचे ओघळ आहेत का पाहा. तिथून गळती होत असेल तर थ्रॉटल सोडताना होणारे फटाके आणि कर्कशपणा यांचे कारण तेच असू शकते, आणि नवे गॅस्केट टाकल्यावर दोन्ही कमी होतात. सायलेन्सर बदलताना धुरातले घातक वायू कमी करणारा उत्प्रेरक असलेला भागही निघाला असेल, तर आवाजाबरोबरच उत्सर्जनाचाही गुन्हा होतो, आणि तो मात्र कुठल्याही खुणेने झाकला जात नाही.

हे सगळे झाल्यावर एखाद्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात पट्टीवरच्या फेऱ्यांवर उभ्या गाडीची चाचणी करून घ्या. आकडा ९४च्या आसपास आला तर त्याचा लेखी अहवाल कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या वेळी अडवल्यावर तो उपयोगी पडेल. नव्वदीच्या शेवटाकडे किंवा शंभरीपार गेला तर लोकर संपली आहे असे धरून सायलेन्सर उघडून भरून घ्या, आणि उत्पादकाने सांगितलेल्याच घनतेची लोकर वापरा, कारण सैल भरलेली लोकर फार लवकर उडून जाते. रात्री-पहाटे इंजिन गरम करण्यासाठी दारात रेस करत बसू नका. इंधन-इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नसते, हलक्या थ्रॉटलवर निघालात तर ती चालता चालताच गरम होते. आणि मूळ सायलेन्सर अजून घरात असेल तर तो विकू नका. गाडीची तपासणी, विक्री किंवा विम्याचा दावा यांपैकी एक वेळ केव्हा ना केव्हा येतेच, आणि तेव्हा तो पुन्हा विकत घ्यायला गेलात तर आजच्या सायलेन्सरपेक्षा तोच महाग पडण्याची शक्यता अधिक.